मत बदलतं तेव्हा नेमकं काय घडतं? आयर्लंडची नागरिकसभा, बेळगावची सविता आणि आपल्या ग्रामसभा

पश्चिमवारा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून आता बरीच वर्षं झाली. इथल्या एका घडामोडीचा मी जमेल तसा मागोवा घेत आलेय, ती सविस्तर मांडते. मानसशास्त्र शिकवणारे आणि गावपातळीवर काम केलेले बरेच जण इथे आहेत, त्यांच्याकडून ऐकायचंय.

१९८३ साली आयर्लंडने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली. पोटातल्या गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखाच, असं तिचं म्हणणं. सार्वमतात जवळपास ६७ टक्के लोकांनी तिच्या बाजूने कौल दिला. २५ मे २०१८ ला त्याच देशाने ६६.४ टक्के मतांनी ती काढून टाकली. टक्केवारी जवळजवळ तीच, कौल उलटा. मधल्या पस्तीस वर्षांत पिढी बदलली, लहान मुलांच्या शोषणाची प्रकरणं बाहेर आल्यावर चर्चवरचा विश्वास उडाला, बायका कमावत्या झाल्या. हे सगळं आहेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो निकालाच्या आधीचा दीड वर्षाचा काळ.

गर्भपातावरून इथे सख्खे भाऊ-बहीण एकमेकांशी बोलायचे बंद होत. कुठल्याच मोठ्या पक्षाला या विषयाला हात लावायचा नव्हता. शेवटी २०१६ मध्ये तो ९९ साध्या नागरिकांच्या एका 'नागरिकसभे'पुढे ठेवला गेला. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण देशासारखंच राहील अशा बेताने हे लोक निवडले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लाफॉय अध्यक्ष होत्या. डब्लिनजवळच्या मालाहाइडमधल्या एका हॉटेलात ही मंडळी या विषयासाठी पाच शनिवार-रविवार बसली. गोल टेबलं, एका टेबलाला सात-आठ जण, चर्चा सांभाळायला एक तटस्थ माणूस आणि टिपणं घ्यायला एक. डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक, दोन्ही बाजूंच्या संघटना या सगळ्यांचं ऐकून घेतलं. ज्या बायकांवर हा प्रसंग आला होता त्यांची ध्वनिमुद्रित कथनं ऐकली. लोकांकडून आलेली हजारो निवेदनं होतीच. एप्रिल २०१७ मध्ये गुप्त मतदान झालं. कारण न विचारता, ठरावीक मुदतीपर्यंत गर्भपाताची मुभा असावी या बाजूने ६४ टक्के सदस्य होते. पुढाऱ्यांना याचा धक्काच बसला. देश इतका पुढे गेलाय याचा त्यांना अंदाज नव्हता.

याआधी २०१२ ते १४ मध्ये असाच प्रयोग झाला होता. त्यात ६६ नागरिक आणि ३३ लोकप्रतिनिधी एकत्र बसले. समलिंगी विवाहाची शिफारस तिथली, तिच्यावर २०१५ मध्ये सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोक हो म्हणाले. त्या सभेतला एक सदस्य पोस्टात काम करणारा, खेड्यातला माणूस होता. लहानपणी त्याच्यावर अत्याचार झाला होता आणि तेव्हापासून समलिंगी पुरुष म्हणजे तसलेच, अशी गाठ त्याच्या मनात बसली होती. पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर एक तरुण समलिंगी मुलगा आला. पुढे त्या माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून विवाहाच्या बाजूने आपलं म्हणणं मांडलं. त्याने ही हकिकत नंतर जाहीरपणे सांगितली आहे.

सविता हलप्पनवारचं नाव तुम्हाला आठवत असेल. बेळगावात वाढलेली, व्यवसायाने दंतवैद्य, ३१ वर्षांची. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने ती गेली. जो कायदा तिच्यावर लागू झाला त्यावर मत द्यायचा अधिकार तिला कधीच नव्हता, कारण सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना मत असतं. आम्हा परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, सार्वमतात नाही. माझ्या ओळखीच्या भारतीय बाळंतिणींनाही २०१८ चा निकाल बाहेर उभं राहूनच बघावा लागला.

आणि मत असणारेसुद्धा सगळे देशात नव्हते. परदेशी गेलेल्या आयरिश लोकांना टपालाने मत देता येत नाही. परतायचा इरादा असेल तर पहिले अठरा महिने त्यांचं नाव यादीत राहतं, पण मत द्यायला घरी यावं लागतं. लंडनहून बोटींनी, अगदी टोकियो-सिडनीहून विमानांनी तरुण मुली आल्या. त्याच महिन्यात फेसबुकने या सार्वमताच्या परदेशी जाहिराती थांबवल्या आणि दुसऱ्याच दिवशी गूगलने सगळ्याच जाहिराती बंद केल्या, कारण पैसा कुठून येतोय हे कुणालाच कळत नव्हतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या टेबलांवर माणसाच्या मनात नक्की काय होतं? आणि निर्णय ज्याच्या अंगावर पडतो तोच जर त्या खोलीत नसेल, तर अशा चर्चेचं काय करायचं?

विदा

धागा फार आवडला. मी महाविद्यालयात सामाजिक मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

चार माणसं बसवली, बोलू दिलं, की ती शहाणी होतात असं मुळीच नाही. फ्रान्समध्ये मॉस्कोव्हिसी आणि झाव्हालोनी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांना फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्याबद्दल आणि अमेरिकी लोकांबद्दल गटात चर्चा करायला सांगितली. द गॉलबद्दल आधीच चांगलं मत होतं, ते चर्चेनंतर आणखी चांगलं झालं. अमेरिकी लोकांबद्दल वाईट होतं, ते आणखी वाईट झालं. एकाच विचाराची माणसं बोलत बसली की ती टोकाकडे सरकतात. आपल्या कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे रोज घडतं.

दुसरं सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाचं. १९५० च्या आसपासचे त्याचे रेघांचे प्रयोग. कुठली रेघ नमुन्याच्या रेघेइतकी लांब आहे हे डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात. सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला माना डोलवतात. शिकवताना बहुतेक जण इथेच थांबतात, पण प्रयोगाचा पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. खोलीत एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी हे माना डोलवणं एकदम कमी होतं. एक सोबती पुरतो.

आता मालाहाइडची रचना बघा. टेबलावर वेगवेगळ्या विचारांची माणसं आहेत, म्हणजे टोकाकडे सरकण्याला आळा. चर्चा सांभाळणारा माणूस गप्प बसलेल्याला बोलतं करतो, म्हणजे तो एक सोबती सापडायची शक्यता वाढते. मतदान गुप्त आहे, त्यामुळे टेबलावर काय बोललो याचं ओझं शेवटी राहत नाही. आणि या लोकांना पुन्हा निवडून यायचं नाही. स्वभावाने ही माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळी नव्हती. फरक होता तो त्यांना बसवण्याच्या पद्धतीत.

पोस्टातल्या माणसाची गोष्ट म्हणजे गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला सिद्धान्तच. दोन गटांतली माणसं नुसती शेजारी आणून पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा त्या जागी सारखा हवा, काम एकत्र करायचं हवं, उद्दिष्ट एक हवं आणि वरच्या यंत्रणेचा त्याला पाठिंबा हवा. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी जगभरच्या ५१५ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे एकंदरीत खरं ठरलं. या अटी पाळल्या तर परिणाम जास्त दिसतो.

बेळगावकर

सविताच्या बातमीने आमचं गाव किती हललं होतं ते मी जवळून पाहिलंय. इथे एरवी मराठी-कानडी म्हणून दोन बाजू पडतात. त्या दिवसांत तसं काही नव्हतं. सगळ्यांना ती आपलीच मुलगी वाटत होती. तिच्या आईवडिलांनी २०१८ मध्ये इथून आयर्लंडच्या मतदारांना आवाहन केलं होतं की आमच्या मुलीची आठवण ठेवा. दुसऱ्या देशाच्या घटनेसाठी बेळगावातल्या एका घरातून साद जाते, हे मला आजही फार मोठं वाटतं.

पण मनात एक शंकाही आहे. आयर्लंडमधून वर्षाला हजारो बायका गर्भपातासाठी इंग्लंडला जात होत्या. ते सगळ्यांना माहीत होतं. आकड्यांनी देश हलला नाही, एका हसऱ्या चेहऱ्याच्या फोटोने हलला. हे चांगलं झालं, पण उद्या कुणी दुसऱ्या हेतूने दुसरा फोटो पुढे केला तर?

अवधूत_साक्री

बेळगावकर, तुमच्या शंकेचं उत्तर आमच्या तालुक्यात आहे. वाईट वाटतं लिहिताना.

१ जुलै २०१८. म्हणजे तिकडच्या सार्वमतानंतर पाच-सहा आठवडे. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आठवडी बाजाराला आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ग्रामपंचायतीची खोली म्हणजे खेड्यातल्या लोकशाहीची हक्काची जागा, तिथे हे झालं.

त्या उन्हाळ्यात देशभर असे प्रकार झाले. फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेला होता. शेवटचा खुलाशाचा भाग कापून तो इकडे खरा म्हणून पसरवला गेला. लोक जगाशी जोडले गेले म्हणतात, पण ज्या माणसाने तो व्हिडिओ पुढे पाठवला त्याची मंगळवेढ्याच्या गोसाव्याशी साधी ओळख नव्हती. पूर्वी हे लोक गावात यायचे तेव्हा म्हातारी माणसं त्यांना ओळखायची, कुठल्या मठाचे, कुठल्या गावचे ते विचारायची. ती चौकशी त्या दिवशी कुणीच केली नाही.

त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये तीच जगभर लावली. म्हणजे आमच्याकडच्या रक्तातून आलेला नियम आज ब्राझील आणि आयर्लंडमधल्या फोनवरही आहे. सोय आणि संताप यांच्यामध्ये थोडा अडथळा आणला की माणूस जरा थांबतो, एवढं तरी त्या कंपनीला कळलं.

विदा

अवधूतदादा, वाचून सुन्न झालो.

पुन्हा पुन्हा कानावर पडलेली गोष्ट खरी वाटायला लागते हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांचा तो अभ्यास. माहिती तपासायला वेळ लागतो, पण ओळखीचं वाटणं क्षणात होतं, आणि मन ओळखीच्या वाटण्यालाच पुरावा समजतं. त्यात संदेश मामाने पाठवलेला असेल तर मामावरचा विश्वास त्या संदेशालाही लागतो.

याच ओळखीचा चांगला उपयोगही झालाय. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने ६ कोटी १० लाख लोकांवर एक प्रयोग केला. मतदान करा असा नुसता संदेश दाखवला तर परिणाम नगण्य. त्याच्यासोबत मत देऊन आलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले तेव्हा मतदान वाढलं. सुमारे ३ लाख ४० हजार जादा मतं पडल्याचा संशोधकांचा अंदाज होता, २०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. एक खासगी कंपनी एका बटणाने दुसऱ्या देशाच्या मतदानाचा टक्का हलवू शकते आणि त्या देशातल्या कुणाला ते विचारावंही लागत नाही. बेळगावकरांच्या फोटोच्या प्रश्नाला हीच बाजू जोडा. भावना वाईट नाही. ती कोण चेतवतोय, आणि त्यानंतर विचाराला वेळ मिळतो का, हे बघायला हवं. सविताचा मृत्यू आणि सार्वमत यांच्यात साडेपाच वर्षं गेली. राईनपाड्यात मिनिटं होती.

निशिगंध

सगळं वाचलं. मला नागरिकसभेबद्दल एवढा विश्वास वाटत नाही, स्पष्टच लिहिते.

पहिलं म्हणजे, २०१८ च्या मतदानोत्तर चाचणीत बहुसंख्य मतदारांनी सांगितलं होतं की आपलं मत आधीपासूनच ठरलेलं होतं. मग ९९ जणांनी देशाचं मत बदललं असं कसं म्हणायचं? फार तर पुढाऱ्यांची भीती घालवली.

दुसरं, मार्च २०२४. कुटुंबाची व्याख्या आणि घरातल्यांची देखभाल (काळजी) यांवर आयर्लंडमध्ये दोन सार्वमतं झाली. त्यांचं मूळही नागरिकसभेच्याच शिफारशींत होतं. दोन्ही सपशेल पडली, पहिलं सुमारे ६८ टक्के विरोधात, दुसरं सुमारे ७४ टक्के. खोलीतलं शहाणपण खोलीबाहेर पोचलंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑलपोर्टची पहिली अट, समान दर्जा. आपल्याकडे तो कुठून आणायचा? मराठवाड्यातल्या ग्रामसभांत मी बसलेय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या, वहीत सह्याही असतात. सरपंच बाई असली तर तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा. वस्तीवरची माणसं भिंतीला टेकून उभी. त्यांना गोल टेबलावर बसवलं म्हणून ती बोलतील? दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या शेतावर कामाला जायचं असतं.

बाबासाहेबांनी हे संविधान सभेतच सांगून ठेवलंय. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी म्हटलं की घटनात्मक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला म्हणाले की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. मानसशास्त्राच्या पुस्तकांत शोधायच्या आधी हे वाचायला हवं. मनं कशी घडतात हा प्रश्न त्यांनी जातीच्या अनुभवातून विचारला होता.

पश्चिमवारा

निशिगंध, दर्जाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. इथे तो प्रश्न सोपा होता, कारण टेबलावरचा शिक्षक आणि ट्रकचालक सोमवारी एकमेकांच्या दारात कामाला जाणार नव्हते.

२०२४ बद्दल मात्र वेगळं मत आहे. नागरिकसभेने काळजीच्या बाबतीत सरकारवर ठोस जबाबदारी टाका असं सुचवलं होतं. सरकारने मसुद्यात पाठिंबा देण्याचा "प्रयत्न करील" एवढंच ठेवलं. अपंग मुलांच्या आईवडिलांनी आणि त्यांच्या संघटनांपैकी काहींनी उघड विरोध केला तो यामुळेच. घाईही फार झाली. २०१८ च्या सार्वमताआधी सभेनंतर संसदेच्या समितीने महिनोन्‌महिने त्याच मुद्द्यांवर जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या, त्यामुळे मतदाराला प्रश्न ओळखीचा झाला होता. २०२४ मध्ये लोकांच्या पुढे अनोळखी वाक्यं आली, आणि अनोळखी वाक्याला नाही म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

मत आधीच ठरलं होतं म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच, की गुपचूप ठरलेलं मत आणि चारचौघांत बोलता येणारं मत यांत इथे फार मोठं अंतर होतं. प्रचाराच्या त्या दिवसांत साठी-सत्तरीच्या बायका पहिल्यांदा आपण तरुणपणी गर्भपातासाठी केलेल्या इंग्लंडच्या फेऱ्यांबद्दल मुलींशी बोलल्या. अॅशच्या खोलीतला तो एक सोबती देशभर घराघरांत मिळाला असं मला वाटतं.

देवराई

उशिरा आलो, क्षमस्व. गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो. निशिगंधताईंचं वर्णन खोटं नाही, तशा सभा मीही पाहिल्यात. पण धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) इथे आलंच पाहिजे.

शंभरेक घरांचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली-भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या आंदोलनातून गाव जागं झालं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. बहुतेकांना घोषणा माहीत असते, कामाची रीत माहीत नसते. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला जातो. आणि निर्णयाची सभा वेगळी, अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात कुणीही यावं, बाहेरचा वकील, वन अधिकारी, प्राध्यापक कुणालाही बोलवावं, हवे तितके प्रश्न विचारावेत. तिथे निर्णय घ्यायचाच नसतो, त्यामुळे हरण्या-जिंकण्याची चुरस नसते. बाहेरच्या तज्ज्ञाला ग्रामसभेत मत नाही.

विदा सर, तुम्ही रचना म्हणता ती हीच ना? वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यामागे वर्षानुवर्षांची बसणी आहेत.

समान दर्जाबद्दल सांगायचं तर गोंड गावात जातीची उतरंड आपल्याकडच्या मिश्र गावांसारखी नाही, जमीन-जंगल सगळ्यांचं. ते मेंढ्याचं बळ आहे आणि म्हणूनच तोच साचा मराठवाड्यात उचलून नेता येणार नाही. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवणं कुठेही करता येईल. त्याला पैसा लागत नाही.

निशिगंध

देवराई, अभ्यास गटाची ही माहिती मला नवीन आहे. वस्तीवरच्या बायकांचा असा गट आधी वेगळा बसला, त्यांनी प्रश्न आधी आपसात घोळवला आणि मग दहा जणी मिळून सभेत आल्या, तर पाटलासमोर उभी राहणारी एकटी नसेल. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असा नियम आहेच, आमच्याकडे ती कागदावरच उरकतात. ती नीट भरवायचं बघते.

पण पश्चिमवारा यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. खोलीत नसलेल्यांचं काय? आमच्या वस्तीतली निम्मी घरं ऑक्टोबरनंतर ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ती नसतातच.

पश्चिमवारा

या प्रश्नाला माझ्याकडे एकच धागा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला भारतात केंद्रावरच यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला नोंदणी सव्वा लाखाच्याही आत होती आणि प्रत्यक्ष मत दिलेले तीन हजारांच्या आत, त्यातही बहुतेक केरळचे. ऊसतोड मजूर तर देशातच असतात आणि तरी त्यांची हीच गत.

मत पोचवता आलं नाही तरी म्हणणं पोचवता येईल. आयरिश सभेत त्या बायका प्रत्यक्ष नव्हत्या, त्यांचे आवाज होते. सदस्यांनी ते शांतपणे ऐकले, मध्ये कुणी बोललं नाही, आणि नंतर टेबलावर त्यावरच चर्चा झाली. निशिगंध, तुमच्या बायका फडावरून फोनवर बोलतील का? २६ जानेवारीच्या आधी त्यांचं म्हणणं रेकॉर्ड करून सभेत लावायचं, विषयपत्रिकेत पहिलं.

निशिगंध

बोलतील. संध्याकाळी सात-साडेसातनंतर, स्वयंपाकाच्या वेळी. त्याआधी गाडी भरायची असते. रेशन तिकडे मिळत नाही आणि मुलांची शाळा सुटते, हे दोन विषय त्या आधी काढतील. सभेत लावू द्यायला ग्रामसेवक तयार होतील का ते विचारून इथेच लिहिते.

देवराई

ग्रामसेवकांना आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिका निघायच्या आत द्या, नंतर दिलात तर "ऐन वेळचे विषय" म्हणून शेवटी ढकलतात आणि तोवर माणसं उठून गेलेली असतात. अर्जाचा नमुना लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे आहे.